ही वस्तू किती साड्यांची?

(सुरत येथे संक्रांतीच्या हळदीकुंकवानिमित्त महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तिळगूळ झाला, वाण झालं, आता भाषण. आयोजकांनी मला 'बचतीचे महत्त्व' असा विषय दिला होता. पण बचत हा शब्द ऐकला की निम्म्या जणी घड्याळाकडे बघतात, हे मला आठ-दहा मेळाव्यांनंतर कळलं आहे. म्हणून मी त्यांना म्हटलं, मला नव्या फॅशनवर आणि नव्या सौंदर्यप्रसाधनांवर बोलू द्या. बाजारात नवं काय आलंय ते आपल्याला कुठून कळतं, ते घ्यावं की नाही हे कसं ठरवायचं, आणि घेतलं तर त्याचे पैसे कुठून काढायचे, एवढंच मी बोलणार आहे. बचत त्यात आपोआप येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. नटू नका, मुरडू नका, असं सांगायला मी आलेली नाही. मी स्वतः आज नवी साडी नेसून आणि लिपस्टिक लावून आले आहे. नवं पाहून मन हरखतं, त्यात गैर काहीच नाही. बँकेच्या काउंटरमागे बसून मी रोज बघते ते वेगळंच असतं. हौस दोनशे रुपयांची असते आणि खात्यातून आठशे जातात. मधले सहाशे कुठे गेले, ते आज आपण शोधू.

फॅशन कुठून निघते

उधन्याहून इकडे लिंबायतकडे येताना मी मुद्दाम गल्ल्यांतून चालत आले. दर दोन घरांआड उंबऱ्यात साड्यांचा गठ्ठा दिसत होता. कुठे स्टोन चिकटवणं चाललं होतं, कुठे लेस लावणं, कुठे धागा कापणं. तुमच्यातल्या कितीतरी जणी धुळे, जळगाव, नंदुरबारकडून इथे आल्या. माझं माहेरही धुळ्याचं. देशभरातल्या लग्नांत ज्या साड्या मिरवतात त्यांतल्या असंख्य साड्या या शहरातून जातात, आणि जाण्याआधी तुमच्या हाताखालून जातात.

म्हणजे फॅशन कशी बनते हे मी तुम्हाला सांगण्याऐवजी तुम्हीच मला सांगायला हवं. चित्रपटात किंवा मालिकेत एखादी साडी गाजली की तिच्यासारखी साडी रिंग रोडच्या मार्केटमध्ये किती लवकर येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. व्यापारी कॅटलॉग काढतो, चार-आठ आठवडे माल जोरात जातो, मग नवा कॅटलॉग येतो. जुन्याचा भाव पडतो. शेवटी उरलेला माल किलोच्या भावानंही जातो. साडी तीच, कापड तेच, स्टोन तेच. फक्त 'नवी' हा शब्द तिच्यावरून निघून गेला.

म्हणून पहिला मुद्दा लक्षात घ्या. कुठल्याही नव्या वस्तूच्या किमतीत दोन भाग असतात. एक भाग वस्तूचा आणि दुसरा भाग नवेपणाचा. वस्तू आपल्याकडे राहते. नवेपणा काही आठवड्यांत उडून जातो. साडीच्या बाबतीत हे तुम्हाला डोळे मिटून कळतं. मग तोच नियम क्रीमला, पर्सला, हेअर स्ट्रेटनरला लावायला आपण का विसरतो?

रुपयांत वाचू नका, साड्यांत वाचा

मागच्या वर्षी आमच्या शाखेत एक मावशी मुलीला घेऊन आल्या. मुलीला सहाशे रुपयांचं सीरम हवं होतं, मोबाइलवर पाहिलेलं. मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, सहाशे म्हणजे जास्त नाही ना?" मी विचारलं, "मावशी, एका साडीला स्टोन लावायचे किती मिळतात?" त्या म्हणाल्या, "हे काम असंल तर वीस." मग आम्ही तिघींनी हिशेब केला. सहाशे भागिले वीस म्हणजे तीस साड्या. मुलगी स्वतः संध्याकाळी आईबरोबर स्टोन लावायला बसायची. तीस साड्या म्हणजे किती संध्याकाळी, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग छोटी बाटली बघू."

तिनं सीरम सोडलं नाही, हे लक्षात घ्या. तिनं ते मोजलं. कागदावरचा सहाशे हा आकडा आपल्याला काही सांगत नाही. तीस साड्या मात्र बोटांना, पाठीला आणि डोळ्यांना कळतात. तुम्ही स्वयंपाकाची कामं करत असाल तर किती दिवसांचा स्वयंपाक, शिवण करत असाल तर किती ब्लाउज, असं मोजा. हिशेबाचं हे माप कुठल्याही वाणिज्य शाखेच्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं. ते मला त्या मावशींमुळे सापडलं.

पुडी घ्यावी की बाटली

आता छोट्या बाटलीचा विषय निघालाच आहे, तर पुडीबद्दल बोलू. १९८३ मध्ये तामिळनाडूतल्या कडलूरमधून सी. के. रंगनाथन यांनी चिक शांपू पुडीतून विकायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांनी, चिन्नी कृष्णन यांनी, पुडीची कल्पना त्याआधीच वापरून पाहिली होती. ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांच्या घरात शांपू पोहोचला तो या पुडीमुळे. मोठ्या कंपन्यांनाही मग त्याच वाटेनं यावं लागलं.

आपण समजतो की मोठं पॅक नेहमी स्वस्त पडतं. शांपूच्या बाबतीत अनेकदा उलटं असतं. समजा १ रुपयाच्या पुडीत ५ मिली शांपू आहे. म्हणजे मिलीला २० पैसे. त्याच कंपनीची १८० मिलीची बाटली १२० रुपयांना असेल तर मिलीला जवळजवळ ६७ पैसे झाले. इथे बाटली तिपटीहून महाग पडली. क्रीम, पावडर, तेल यांत मात्र बहुधा मोठं पॅक स्वस्त पडतं, पण मुदतीत संपलं तरच. अर्धी बरणी वाळून फेकली तर स्वस्ताईही तिच्याबरोबर कचऱ्यात गेली.

हा भागाकार करण्याचा कंटाळा येत असेल तर एक सोय आहे. आता बहुतेक पाकिटांवर एमआरपीच्या जवळच प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, पण असतं. दोन पॅक शेजारी धरा आणि तो आकडा बघा. आणि एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. त्यावर आणखी कर मागणाऱ्या दुकानदाराला नाही म्हणा.

माझा नियम असा आहे. नवी वस्तू पहिल्यांदा घ्यायची ती सगळ्यात लहान. पुडी असेल तर पुडी, नसेल तर छोटी ट्यूब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडीशी लावून एक दिवस वाट बघायची. खाज, लाली आली नाही तर चेहऱ्याला लावायची. एवढ्यानं दोन नुकसानं टळतात, कातडीचं आणि पैशांचं.

कोण सांगतंय आणि का सांगतंय

पूर्वी नवी टिकली, नवी पावडर आपल्याला शेजारणीकडून कळायची. तिच्या कपाळावर ती टिकली आठ दिवस राहिली की पडली, हे आपण स्वतः बघत होतो. आता मोबाइलवरची एखादी गोड मुलगी सांगते, "मी हेच वापरते." ती खरंच वापरत असेल. पण ती हे सांगण्याचे पैसे घेत असेल तर ते आपल्याला कळायला हवं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट वस्तू किंवा दुसरा काही लाभ घेऊन शिफारस केली असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. व्हिडिओवर 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पेड पार्टनरशिप' असं काही लिहिलं आहे का ते बघा. लिहिलं असेल तर ती शेजारीण नाही, विक्रेती आहे. विक्रेतीचंही ऐकावं, पण विक्रेतीसारखं.

तसंच 'फक्त २ नग शिल्लक', 'ऑफर ९ मिनिटांत संपणार' ही घाई. खोटी घाई दाखवून गिऱ्हाइकाला ढकलणं, न विचारता पिशवीत जादा वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर नवे आकार जोडणं, अशा १३ युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून बंदी घातली. बंदी आहे म्हणून युक्त्या संपल्या असं नाही. त्यावर आपला उपाय साधा आहे. वस्तू आवडली तर तिचा फोटो ठेवा आणि सात दिवस थांबा. सातव्या दिवशीही हवी वाटली तर घ्या. मी हे करते तेव्हा दहातल्या सहा-सात वस्तूंचे फोटो मी नंतर उघडतही नाही.

गोरेपणाची महाग बरणी

एका ठिकाणी मात्र मी थांबा म्हणत नाही, घेऊच नका म्हणते. बिननावाची, झटपट गोरं करणारी क्रीम. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या आजाराचे असे रुग्ण आढळले, ज्यांतले अनेक जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीचा रंग फिका करतो आणि कातडीतून अंगात शिरून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे.

म्हणून बरणी उलटी करून चार गोष्टी बघा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल तर ती बरणी कितीही स्वस्त असो, ती परत ठेवा. दवाखान्याचा एक महिना किती साड्यांचा होतो, त्याचा हिशेब मी इथे करत नाही.

आणि मुलींनो, एक वाक्य फक्त तुमच्यासाठी. रंग उजळवायला लागतो, असं सांगणाऱ्याला काहीतरी विकायचं असतं.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगते. ही मी मेळाव्यांत सांगत नसे, कारण लाज वाटायची. अलीकडे सांगते.

मी एम.कॉम. झाले, बँकेची परीक्षा पास झाले आणि पहिली नेमणूक रायपूरला मिळाली. वय सव्वीस. ओळखीचं कुणी नाही. शाखेतल्या बरोबरीच्या मुली नीटनेटक्या, रोज काहीतरी नवं घालणाऱ्या. मी क्रेडिट कार्ड घेतलं. रात्री खोलीवर आल्यावर मोबाइलवर सेल बघायचे. कुर्ते, सँडल, लिपस्टिकच्या पाच छटा, फाउंडेशन. फाउंडेशनची छटा दोनदा चुकली, पुन्हा मागवलं. चार-पाच महिन्यांत कार्डाची बाकी ३८,००० रुपये झाली.

बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम आणि दुसरा 'किमान देय रक्कम'. माझ्या कार्डावर किमान रक्कम पाच टक्के होती, म्हणजे १,९०० रुपये. मी कार्ड वापरणं थांबवलं आणि दर महिन्याला किमान रक्कम भरू लागले. वाटायचं, हप्ता वेळेवर जातोय, काळजी नाही. मी बँकेत काम करत होते, तरी मला हे वाटायचं.

आता हिशेब बघा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ३८,००० वर १,३३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २३९ रुपये. दोन्ही मिळून जवळजवळ १,५७०. मी भरलेल्या १,९०० मधले मुद्दलात गेले फक्त ३३०. दहा महिन्यांत मी सुमारे १८,००० रुपये भरले आणि बाकी उरली जवळजवळ ३५,०००. त्यातल्या दोन लिपस्टिका तोवर वाळल्या होत्या.

त्याच काळात आईच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करावं लागलं. आईनं मला फोन केला तो ऑपरेशन ठरल्यावर, आणि पैशांचा विषयच काढला नाही. मी घरी गेले तेव्हा कळलं की तिनं पोस्टातली आवर्ती ठेव मुदतीआधी बंद केली होती. घरखर्चातून काढून महिन्याला पाचशे रुपये ती भरत होती. पोस्टाची आवर्ती ठेव तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग व्याज बचत खात्याच्या दरानं मिळतं, म्हणजे तिचं व्याजाचंही नुकसान झालं. मी विचारलं, "मला का नाही मागितलेस?" ती म्हणाली, "तुझी नवी नोकरी, तुझे खर्च असतील."

तिनं मागितले असते तर मला नाही म्हणावं लागलं असतं. नोकरी लागून वर्ष झालं होतं, पगार तिच्या कल्पनेपेक्षा जास्त होता, आणि माझ्या खात्यात देण्यासारखे पैसे नव्हते. हे तिला कधीच कळलं नाही. मला मात्र कळलं.

पुढच्या सहा महिन्यांत मी बाकीच सगळी फेडली. पहिलं काम म्हणजे दर महिन्याला जमेल तितकी मोठी रक्कम भरली, किमान नाही. तुमच्याकडे कार्ड असेल तर तुम्हीही तेच करा. आणि हेही माहीत असू द्या की बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

'नो कॉस्ट' हप्त्याची किंमत

कार्ड नाही म्हणून सुटलो, असं समजू नका. आता मोबाइलवर हप्ते मिळतात. 'नो कॉस्ट ईएमआय', म्हणजे व्याज शून्य. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याजाचा भाग प्रक्रिया शुल्कासारख्या दुसऱ्या नावानं गिऱ्हाइकाकडून घेतला जातो.

समजा लेहंगा ६,००० रुपयांचा. रोख घेतला तर सवलतीत ५,५०० ला मिळतो. हप्त्यावर सवलत नाही, वर प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावरचा जीएसटी धरून २३५ रुपये. म्हणजे ६,२३५. फरक ७३५ रुपयांचा. वीस रुपयांच्या हिशेबानं जवळजवळ ३७ साड्या, फक्त थांबायचं नाही म्हणून.

कर्ज देणारं अॅप असेल तर आणखी सावध राहा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार कर्ज देण्याआधी एका कागदावर सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते दाखवावं लागतं. तो कागद दाखवत नसेल आणि फोनमधले संपर्क, फोटो उघडायची परवानगी मागत असेल तर ते अॅप काढून टाका.

एक डबा नव्यासाठी

मग हौस करायची कशी? सोपं आहे. समजा तुमच्या हातात कामाचे महिन्याला ४,००० रुपये येतात. पैसे आले त्याच दिवशी ५०० रुपये आवर्ती ठेवीत जाऊ द्या. बँकेला सूचना दिली की ते आपोआप कापले जातात, आठवण ठेवावी लागत नाही. मग २०० रुपये एका डब्यात. तो डबा फक्त नव्या वस्तूंचा. नवी लिपस्टिक, नवा कुर्ता, मुलीचं सीरम, सगळं त्यातून. डब्यात आहेत तोवर घ्या आणि मजेत घ्या, कुणाला हिशेब देऊ नका. डबा रिकामा झाला की पुढच्या महिन्यापर्यंत फक्त बघा. बघणं फुकट आहे.

भिशीचा नंबर लागला तरी हाच नियम. ठरलेल्या कामाचे पैसे बाजूला काढल्याशिवाय मार्केटला जायचं नाही.

पाचशे रुपयांनी काय होतं, असं विचाराल. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ६.७ टक्के दर धरला तर महिन्याला ५०० भरून तुम्ही एकूण ३०,००० भरता आणि हातात सुमारे ३५,६८० येतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशी विचारून घ्या. उघडलं की पाच वर्षं तोच दर राहतो. आईच्या ऑपरेशनला उपयोगी पडले ते असेच पाचशे-पाचशे होते.

कपड्यांसाठी आणखी एक माप. एका नेसण्याची किंमत काढा. ३,००० ची साडी तीनदा नेसली तर एका वेळेचे १,००० रुपये पडले. ९०० ची साडी तीसदा नेसली तर ३० रुपये. लग्नाची साडी महाग असायला हरकत नाही, पण आपण ती नेसणार किती वेळा हे आपल्याला आधीच माहीत असतं.

नजर कमाईची

शेवटचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नवं काय चालणार हे ओळखण्याची तुमची नजर ही पुंजी आहे. आमच्या एक खातेदार ताई ब्लाउज शिवतात. नव्या गळ्याचा फोटो दिसला की त्या कटपीसवर एक नमुना शिवून दारात टांगतात. दुसऱ्या एक जणी मार्केटमधून कॅटलॉगचा सेट आणून गावाकडच्या बायकांना व्हॉट्सअॅपवर दाखवतात, पण ऑर्डर आल्याशिवाय दुसरा सेट आणत नाहीत. तिसरीनं पार्लरचं शिक्षण घेऊन मेकअपचं किट घेतलं. हे किट आणि माझ्या पाच लिपस्टिका, दोन्ही बिलांवर एकाच दुकानाचं नाव असू शकतं. पण एक भांडवल आहे आणि दुसरा खर्च. घेताना एकच प्रश्न विचारा, यातून पैसे येणार आहेत का? येणार असतील तर बँकेत या. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज बिनतारण मिळतं. त्या किटसाठी कार्डाचं साडेतीन टक्के महिना व्याज भरू नका.

आणि मोबाइलवर विकताना, घेताना, एवढं पाठ करा. पैसे मिळवायला पिन लागत नाही. 'रिफंड देतो, कोड स्कॅन करा, पिन टाका' असं कुणी म्हटलं की तो तुमचे पैसे काढतोय. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. वस्तू खराब निघाली आणि विक्रेता ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरी जाऊन भिंतीवर लावायला

१. ही वस्तू माझ्या किती साड्यांची?
२. सात दिवसांनीही हवी आहे का?
३. सांगणाऱ्याला सांगण्याचे पैसे मिळाले आहेत का?
४. पाकिटावर पत्ता, परवाना, बॅच आणि तारीख आहे का?
५. प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर किती?
६. पैसे डब्यातून जाणार की हप्त्यातून?

मागच्या दिवाळीला मी आईला एक लिपस्टिक नेली. तिनं आधी बरणीसारखी उलटी करून तारीख बघितली, मग किंमत विचारली. मी म्हटलं, "माझ्या डब्यातली आहे." तिला डब्याचं काही ठाऊक नव्हतं. पण तिनं ती लावली आणि आरशासमोर बऱ्यापैकी वेळ उभी राहिली.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि जाताना टेबलावरचा आवर्ती ठेवीचा फॉर्म घेऊन जा.